सगळा खेळ दाण्याच्या डब्याचा: कबुतरं पाळायची, वाढवायची आणि रेसला सोडायची कशी

दिवाळी झाली की आमच्याकडे एखादं तरी पोरगं येऊन विचारतंच, दादा कबुतरं घ्यायचीत, कुठली घेऊ, जोडी कितीला पडेल. मी उलटं विचारतो, बाबा रे, सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला तू रोज घरी असतोस का? नसशील तर घरात दुसरं कोण आहे जे ठरल्या वेळेला दाणा टाकेल? याचं उत्तर नसेल तर नाद करू नका, कारण कबुतराला ना पट्टा बांधता येतो ना शिकवणी लावता येते, ते परत येतं ते भुकेपोटी आणि स्वतःच्या जागेपायी, म्हणजे जोडीदार, घरटं, बसायचा ठरलेला कप्पा. या दोन गोष्टी ज्याला सांभाळता आल्या त्याची कबुतरं साधी असली तरी छतावर उतरतात, आणि ज्याला नाही आल्या त्याची भारीतली भारी कबुतरं दुसऱ्याच्या ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, जाऊन बसतात.

आधी कशासाठी पाळताय ते ठरवा

उडवायची कबुतरं मोटामोटी दोन प्रकारची. एक गिरेबाज किंवा हायफ्लायर, ही घराच्या वरच घिरट्या घालत चढत जातात, पार ठिपक्याएवढी होतात आणि तासन्तास वर राहतात, यांच्या स्पर्धेत किती तास उडालं आणि स्वतःच्याच छतावर उतरलं का हे बघतात. दुसरे होमर, यांना लांब नेऊन सोडायचं आणि ते सरळ घर गाठणार. लक्का, शिराजी, जॅकोबिन ही शोची कबुतरं, दिसायला एक नंबर पण त्यांच्याकडून उड्डाणाची अपेक्षा करू नका.

होमर ही जात बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकात घडवली, वेगवेगळ्या जाती मिसळून आणि जे परत येईल त्याचीच पिल्लं काढून. आपल्या देशात ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर टपाल सुरू केलं होतं आणि पुरात-वादळात वायरलेस बंद पडल्यावर त्याच कबुतरांनी निरोप पोचवलेत. रेसचे जुने क्लब चेन्नई, बंगळुरू, कोलकात्याकडे आहेत, आपल्या बाजूला गिरेबाजवाले आधीपासून जास्त. हा नाद रिकामटेकड्यांचा असं घरचे म्हणतील, तर त्यांना सांगा अकबर बादशहालाही होता. घरचे गप्प बसतील असं नाही.

पुढचं बरंचसं होमरबद्दल लिहितोय, पण ढाबळ, दाणा, पिल्लं हे सगळं दोन्हीला सारखंच लागू आहे. आणि एक, रानातले पारवे किंवा हरियाल पकडून आणायच्या भानगडीत पडू नका, हरियाल आपला राज्यपक्षी आहे आणि त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

विकत घेताना

नवीन माणूस हमखास फसतो तो इथं. बाजारात मोठं, तगडं, चमकदार गळ्याचं होमर दिसतं, विकणारा सांगतो पाचशे किलोमीटर मारलेलं आहे, घेऊन येतो, आठ-पंधरा दिवस कोंडून ठेवतो आणि सोडतो. गेलं! जिथून घेतलं तिथंच परत, कारण त्याचं घर ते आहे, तुमचं नाही, आणि घरी जायचं हेच तर त्याचं काम. काही विकणारे तेच कबूतर परत दुसऱ्याला विकतात ते वेगळंच. म्हणून उडवायला घ्यायचं तर तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू घ्या, स्वतःचं स्वतः दाणे टिपायला लागलेलं पण अजून उघड्यावर न उडालेलं, चोचीच्या बुडाला मऊ आणि डोक्यावर एखाद-दुसरं पिवळं केस राहिलेलं. मोठी जोडी घेतलीच तर ती कायमची आत ठेवायची आणि तिची पिल्लं उडवायची.

हातात घेऊन बघा. छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं नको, पंख उघडून दहा मोठी पिसं मोजा, मधलं एखादं तुटकं किंवा खाल्लेलं आहे का ते बघा, शेपटीची बारा. चोच उघडून घशात नजर टाका, पिवळसर दह्यासारखे चट्टे दिसले तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवा खाली. शेपटीखाली हिरवी घाण चिकटलेली नको. वंशावळीचे कागद मात्र बघून न बघितल्यासारखे करा. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियमच्या न्यू किम नावाच्या मादीला लिलावात १६ लाख युरो मिळाले, तेव्हापासून आपल्याकडे जो तो त्याच रक्ताची पिल्लं विकतोय. पेपर प्रिंटरवर कुणालाही काढता येतो.

सुरुवातीला सहा ते आठ पिल्लं बास. नवीन आणलेलं तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हे आधीपासून कबुतरं असलेल्यांसाठी.

ढाबळ

सहा जोड्यांना साधारण सहा बाय आठ फुटांची ढाबळ पुरते, उंची एवढी की तुम्हाला ताठ उभं राहता यावं, नाहीतर तुम्ही साफसफाईचा कंटाळा करणार. जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेली हवी म्हणजे खाली घुशी घर करत नाहीत. तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे, आणि पावसाची झड ज्या बाजूनं येते ती बाजू बंद. जाळी अर्ध्या इंचाची घ्या, मोठ्या भोकाच्या जाळीतून साप येतो, मुंगूस हात घालतं आणि मांजर नुसतं बाहेर बसून राहिलं तरी रात्रभर कबुतरं फडफडून एकमेकांना जखमी करतात. दाटी मात्र करू नका, निम्मे रोग दाटीतूनच येतात.

पत्र्याचं छप्पर असेल तर एप्रिल-मेमध्ये आत उभं राहून बघा, तुम्हाला पाच मिनिटं राहवत नाही तर त्यांचं काय. पत्र्यावर उसाचं पाचट पसरून वर जाळी मारा, फुकटात काम होतं. आत प्रत्येकाला बसायला दहा इंचाचा चौकोनी कप्पा द्या, एकाला एक, कारण कबुतरं जागेवरून फार भांडतात. आत यायच्या वाटेवर वरून तारा सोडून झुलतं दार करा, बाहेरून ढकललं की आत येतं, आतून उघडत नाही.

दाणा, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

एका कबुतराला दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणा लागतो. वीस कबुतरांना सहाशे ग्रॅम. दोन वेळा द्यायचा, सकाळी तिसरा हिस्सा आणि संध्याकाळी बाकीचा, आणि दिवसभर दाण्याचं भांडं भरून ठेवायचं नाही म्हणजे नाही. पोट भरलेलं कबूतर छतावर बसून तुमच्याकडे बघत राहील, डबा वाजवा नाहीतर नाचून दाखवा, ते आत येणार नाही आणि तोपर्यंत अंधार पडेल.

मिश्रण घरच्या घरी करा. ज्वारी, बाजरी, गहू, बारीक मका, त्यात हरभरा, मटकी, मसूर, वाटाणा. पिल्लं असताना कडधान्य वाढवा, लांबच्या उड्डाणाआधी दोन-तीन दिवस मका, करडई, सूर्यफूल, थोडे शेंगदाणे वाढवा कारण लांब पल्ला चरबीवर उडतात. पावसाळ्यात नुसती बसून असतात तेव्हा हलकं धान्य जास्त. मक्याचा वास घेऊन बघा, बुरशी लागलेला किंवा ओला मका देण्यापेक्षा त्या दिवशी नुसती ज्वारी दिलेली बरी.

किती टाकायचं हे वजनकाट्यापेक्षा कबुतरांकडे बघून चांगलं कळतं. मूठ-मूठ टाकत जा. पहिल्यांदा सगळी तुटून पडतात, मग निवडून खायला लागतात, मका उचलून गहू सोडतात, मग दोन-तीन कबुतरं दाणा सोडून पाण्याकडे वळतात. तिथं थांबायचं. अजून एक मूठ असं मन म्हणतं, नाही टाकायची. खाली राहिलेले दाणे गोळा करून घ्या. आणि टाकताना रोज तोच आवाज, शिट्टी म्हणा, डबा खुळखुळवणं म्हणा, एकच ठरवा आणि घरात सगळ्यांनी तोच करा.

कबूतर कोंबडीसारखं मान वर करून पाणी पीत नाही, चोच बुडवून ओढून पितं, म्हणून भांड्यात निदान इंचभर पाणी हवं आणि त्यात विष्ठा पडणार नाही असं झाकण. सोबत खड्यांची वाटी, त्यात विटेचा चुरा, शिंपल्याचा चुरा, कोळसा, थोडं मीठ. यांना दात नाहीत, पोटातले खडेच दाणा दळतात, आणि अंडी घालणाऱ्या मादीला शिंपल्यातलं कॅल्शियम लागतं. आठवड्यातून एकदा पसरट टबात आंघोळीला पाणी द्या आणि नंतर पाणी ओतून टाका, नाहीतर तेच पितात.

घर ओळखवणं

पिल्लू ढाबळीत आलं की पहिले काही दिवस छतावर जाळीच्या पिंजऱ्यात दिवसातून थोडा वेळ ठेवा, तिथून त्याला चहूकडचं दिसलं पाहिजे, पाण्याची टाकी, नारळाचं झाड, शेजारची गच्ची. त्याच पिंजऱ्यातून झुलत्या दारानं आत जायला शिकवा. मग एक दिवस, संध्याकाळच्या दाण्याआधी तासभर, भुकेलं असताना, पिंजऱ्याचं दार नुसतं उघडा आणि बाजूला व्हा. हातात धरून हवेत फेकायचं नाही, टाळ्या नाहीत, हुसकवणं नाही, मित्रमंडळी बघायला बोलवायची नाहीत. बिचकलेलं पिल्लू पहिल्याच झेपेत लांब गेलं की त्याला परत यायचा अंदाज नसतो. ते चालत बाहेर येईल, इकडेतिकडे मान फिरवेल, पत्र्यावर दोन उड्या मारेल, तुम्ही डबा वाजवला की आत. असे काही दिवस गेले की स्वतःहून चक्कर मारायला लागतं. पिल्लं थव्यानं उडून वीस-तीस मिनिटं नजरेआड जायला लागली की समजा आता बाहेर न्यायला तयार आहेत.

जोड्या आणि पिल्लं

नर-मादी ओळखणं वाटतं तेवढं सोपं नाही. नर घुमतो, गळा फुगवून गोल फिरतो, शेपूट जमिनीला घासतो, पण मादीही कधीकधी घुमते. दोन माद्या कोंडल्या तर त्यांचीही जोडी लागते, घरट्यात एकदम चार अंडी दिसली आणि एकही फुटलं नाही की ओळखायचं.

जोडी लावायची तर दोघांना एका कप्प्यात मध्ये जाळी टाकून दोन-चार दिवस समोरासमोर ठेवा आणि मग जाळी काढा, टोचाटोची झाली तर परत टाका. घरट्याला मातीची परळ उत्तम, खाली थोडा भुसा आणि बाजूला खराट्याच्या काड्या, कडुनिंबाच्या काड्या टाकून ठेवा, नर एकेक काडी उचलून नेतो आणि मादी बसून रचते. आमच्या भागात निपाणीकडे तंबाखूचे देठ मिळतात, ते घरट्यात टाकले की किडे-गोचीड कमी होतात. प्रत्येक जोडीला दोन घरट्यांची जागा लागते कारण पहिली पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की मादी दुसरी अंडी घालायला बघते.

पहिलं अंडं बहुतेक संध्याकाळी, दुसरं त्यानंतर साधारण ४४ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी. दुसरं आल्यावरच नीट उबवायला बसतात. दिवसा नर, उरलेला वेळ आणि रात्रभर मादी, ड्युटी बदलल्यासारखं ठरलेलं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा, लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे, नुसतं पिवळट स्वच्छ दिसलं तर वांझ. दुसऱ्या अंड्यापासून १७-१८ दिवसांत फुटतात. पिल्लू आंधळं, पिवळ्या लवीचं, मोठ्या चोचीचं, खरं सांगायचं तर कुरूपच, पण वाढतं मात्र बघण्यासारखं. पहिला आठवडाभर आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार झालेलं घट्ट दूध पाजतात, बापाला दूध येणारे पक्षी मोजकेच. त्या दिवसांत जोडीला कुणी डिस्टर्ब करायचं नाही.

सातव्या दिवसाच्या आसपास पायात बंद, म्हणजे सांधा नसलेली, रिंग घालायची, त्यावर वर्ष आणि नंबर असतो. पुढची तीन बोटं एकत्र धरून रिंगमधून काढा, मागचं बोट पायाला चिकटवून मागे धरा, रिंग वर सरकवा आणि मग मागचं बोट काडीनं अलगद सोडवा. एक-दोन दिवस उशीर झाला की जात नाही, आणि लवकर घातली तर घरट्यात पडलेली सापडते. पंचवीस ते तीस दिवसांत पिल्लू वेगळं करता येतं, स्वतः दाणा आणि पाणी घेतंय याची खात्री करून.

वर्षाला दोन, फार तर तीन वेळा पिल्लं काढा, पाऊस संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत. पुढची अंडी नको असतील तर नुसती उचलू नका, मादी थोड्याच दिवसांत परत घालते आणि तिची हाडं ठिसूळ होतात, त्याऐवजी प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा, उबवून कंटाळली की सोडते. मग नर-माद्या वेगळ्या करून टाका.

ट्रेनिंग आणि रेस

रेस ज्या दिशेनं असेल त्याच दिशेनं टप्पे वाढवत न्यायचं. कोल्हापूरची ढाबळ आणि उत्तरेकडून रेस असेल तर आधी गावाबाहेर दोन-तीन किलोमीटर, मग पाच-दहा, मग किणी टोलनाका, पेठनाका, कराड, सातारा, असं हायवेनंच जाता येतं. एका टप्प्यावर दोन-तीनदा सोडा, आणि अधूनमधून एकेकटं सोडा, थव्यात नुसतं दुसऱ्याच्या मागे उडणारं कबूतर एकटं पडलं की गोंधळतं. सकाळी आकाश स्वच्छ झाल्यावर सोडा. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास आणि ओळखीच्या खुणा अशा सगळ्यांवर ती दिशा काढतात, ब्रिटनमधल्या संशोधकांनी तर पाठीवर जीपीएस लावून दाखवलंय की घराजवळच्या भागात ती चक्क रस्ते धरून उडतात. म्हणून धुकं किंवा काळं आभाळ असेल तर गाडी वळवून घरी या, पेट्रोल गेलं तर गेलं.

लांब न्यायच्या आधी एक-दोन रात्री, ज्यातून न्यायचं त्या करंडीतच ठेवून करंडीला अडकवलेल्या भांड्यातून पाणी प्यायला शिकवा. रेसच्या गाडीत पाणी न प्यायलेलं कबूतर उन्हात निम्म्या वाटेतच खाली बसतं.

उडण्याची ओढ वाढवायला युरोपातले लोक नर-मादी वेगळे ठेवतात आणि रेसला जायच्या आधी थोडा वेळ भेटू देतात. नवख्यानं त्याच्या नादी लागू नये, आठ-दहा दिवस अंड्यावर बसलेली मादी किंवा घरट्यात लहान पिल्लू असलेला नर साध्या पद्धतीतही जीव तोडून येतो.

निकाल कोण आधी पोचलं यावर नसतो, वेगावर असतो, यावरून नवीन पोरं कायम वाद घालतात म्हणून हिशोबच मांडतो. पुण्याहून सोडली असं धरा. कोल्हापूर हवाई अंतरानं साधारण २०५ किलोमीटर (रस्त्यानं २३०च्या पुढे), इचलकरंजी साधारण २१३. कोल्हापूरचं कबूतर ३ तास २५ मिनिटांत, म्हणजे २०५ मिनिटांत आलं, वेग मिनिटाला १००० मीटर, ताशी ६० किलोमीटर. इचलकरंजीचं पाच मिनिटं उशिरा, २१० मिनिटांत आलं. २,१३,००० भागिले २१०, वेग १०१४ मीटर. इचलकरंजी जिंकलं! म्हणून प्रत्येक ढाबळीचं अंतर आधीच मोजून ठेवलेलं असतं, आणि वेळ पायातल्या चिपवरून मशीन घेतं किंवा रेसला पाठवताना पायात घातलेली रबरी रिंग काढून रेसच्या घड्याळात टाकतात. आता वेळ थांबते ती कबूतर आत आल्यावर, म्हणजे दोनशे किलोमीटर पहिलं येऊन पत्र्यावर चार मिनिटं बसून राहिलं की गेली रेस. तिथं तुमचा दाण्याचा डबाच कामाला येतो.

पैसे लावायचे धंदे करू नका. हायफ्लायरला जास्त वेळ वर ठेवायला गोळ्या चारणारेही आहेत, त्यांच्या ढाबळीपासून लांब राहा.

नुकसान कुठून होतं

हिवाळ्यात बहिरी ससाणा येतो, शिक्रा तर बारा महिने. वेळा बदलत राहा, फार उशिरापर्यंत उडवू नका, पण ससाण्याला इजा करायची नाही, कायद्यानं गुन्हा आहे आणि आकाश त्याचंही आहे. संक्रांतीच्या आधी-नंतर काही दिवस कबुतरं बंदच ठेवा. हरित लवादानं २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली तरी तो विकला जातोच, आणि त्यानं पंख मुळापासून कापला जातो.

रोगांमध्ये घशातले पिवळे चट्टे म्हणजे कँकर, पाण्याच्या भांड्यातून पसरतो. मान पिळवटलेली, दाण्यावर चोच मारतंय पण चुकतंय, हे पॅरामिक्सो, विषाणूचा रोग, यावर औषध नाही, लस आधीच टोचावी लागते. डोळ्या-चोचीभोवती फोड म्हणजे देवी, डासांमुळे, म्हणून पावसाळ्यात बारीक जाळी लावा. औषध पशुवैद्याला विचारून, शेजारच्या कबूतरवाल्याच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक पाण्यात घालू नका.

आणि माणसाचं बघा. विष्ठेची कोरडी धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कायमची खराब होतात, हे काही घाबरवायला सांगत नाही. २०२५मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून, दादरला ताडपत्री टाकण्यावरून केवढा गदारोळ झाला, त्यामागे हेच कारण होतं. आपण रस्त्यावर दाणा टाकणारे नाही, पण शेजाऱ्याला फरक कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. रोज खरवडणीनं खरवडा, थोडं पाणी शिंपडून, तोंडाला चांगला मास्क लावून, कपडे ढाबळीचे वेगळे. घरात दम्याचा माणूस असेल तर हा नाद सोडून द्या. फ्लॅटच्या गॅलरीत तर अजिबात नको.

शेवटी, दुसऱ्याचं रिंगवालं कबूतर तुमच्या छतावर उतरलं तर पाणी द्या, मूठभर ज्वारी द्या, शक्यतो आपल्यांत मिसळू न देता एक रात्र वेगळ्या खोक्यात ठेवा आणि रिंगचा नंबर क्लबच्या ग्रुपवर टाका. सकाळी ताजंतवानं दिसलं तर सोडा, बहुतेक सरळ निघून जातं. मालक सापडला नाही म्हणून ठेवून घेऊ नका, तुमचंही कुठंतरी उतरणारच आहे.